आठव्या महिन्याची पंधरा

क्वांग-ह्वा बाजारात कांग मिंग-तेला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. म्हातारे त्याला आ-ते म्हणत आणि बाकी सगळे थांब-काका. तैपेईच्या त्या बाजारात मजल्यावर मजले कॉम्प्युटरच्या सामानाचे, आणि त्यात जिन्याला लागून त्याचा गाळा. कोणी गिऱ्हाईक येऊन विचारी, "काका, गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. आत्ता घेऊ की थांबू?" प्रश्न पुरा व्हायच्या आत आ-ते हात वर करी. "थांब. नवं येतंय."

आणि नवं खरंच येई, कधी ना कधी. कार्डं काढणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीने काही जाहीर करायच्या कितीतरी आधी आ-तेला वास लागलेला असे. कोणत्या कारखान्यात पंख्यांची ऑर्डर वाढली, कोणत्या गोदामातून जुना माल घाईने बाहेर काढताहेत, कोणाच्या मेहुण्याने जेवता जेवता काय बोलून टाकलं, हे सगळं तो जोडत बसायचा. बसायचा म्हणजे म्हणायला. मुळात त्याला बसवतच नसे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि गाळ्यातल्या दोन पावलांच्या जागेत येरझारा.

समोरच्या गाळ्यातली चो ताई पिशव्या भरता भरता म्हणायची, "आ-ते, तू कौल लाव, मी माल विकते. तुझ्याकडून निघालेला माणूस शेवटी कंटाळून माझ्याकडेच येतो."

"येऊ दे. नंतर पस्तावेल."

"पस्तावायला तरी त्याच्याकडे कॉम्प्युटर असेल!"

त्या उन्हाळ्यात मात्र त्याची तगमग निराळीच होती. त्याच्या मुलीला, रू-यिनला, दूर दक्षिणेतल्या काओ-श्युंगच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढायची नोकरी लागली होती. पहिल्यांदाच घर सोडून चालली होती पोर. लहान होती तेव्हा गाळ्यात फळीखाली बसून वाया गेलेल्या सर्किटच्या पाट्यांवर रंगाने फुलं काढायची. तेव्हाच आ-तेने तिला शब्द दिला होता की तुझा स्वतःचा कॉम्प्युटर मी माझ्या हातांनी बांधून देईन, बाजारात नसेल असा. आता तो बांधून झाला होता. तारा अशा बसवल्या होत्या की वेणी घातल्यासारख्या दिसाव्यात. फक्त कार्डाची जागा रिकामी होती. तिथे नव्या मालिकेतलंच कार्ड बसायचं, जुनं नाही, हे त्याने पक्कं केलं होतं. रू-यिन जायच्या आत ते आलं पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास.

बायको, सू-चू, म्हणाली, "भुतं बाहेर फिरतात तो भुतांचा महिना संपल्याशिवाय पोरगी घराबाहेर राहायला जाणार नाही. नवा महिना लागला की जाईल." आ-तेला तेवढीच मुदत मिळाली. त्याने मनातल्या मनात पितरांचे आभार मानले.

आणि मग शेजारच्या थाओ-युआन शहरात त्याला एक बातमी लागली. तिथे कार्डं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी एक आजी हातगाडीवर सारण भरलेले वाफेचे बाव विकायची. आ-ते दुरुस्तीचा माल आणायला तिकडे जाई तेव्हा तिच्याकडे खाई. कामगारांची सगळी बडबड त्या गाडीभोवतीच चाले. त्या दिवशी तो सहज बोलल्यासारखं बोलला, "आजी, पोरं फार दमलेली दिसतात."

"दमतील नाही तर काय! रात्रपाळ्या चालल्यात. आठव्या महिन्याच्या पंधरापर्यंत अशीच धावपळ. पंधराला मोकळी होतील."

आ-तेच्या हातातला बाव तसाच राहिला. रात्रपाळ्या, आणि पंधराला मोकळे. म्हणजे पंधरा ऑगस्टला माल बाहेर! बसमध्ये चढायच्या आधीच त्याने बाजारातल्या लोकांना कळवलं. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पसरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाळ्यावर येऊन एक मुलगा त्याला सांगू लागला, "काका, ऐकलंत का, पंधराला येतंय. अगदी आतली बातमी आहे."

"हो का?" आ-ते म्हणाला, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याचाही विश्वास दुप्पट झाला.

चो ताईची विक्री बसली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भुतांच्या महिन्यात कोणी नवा माल काढतं का रे? कोण असा करंटा आहे?"

"अमेरिकेत कुठे असतो भुतांचा महिना?"

"माल इथे बनतो. भुतंही इथलीच."

पंधरा ऑगस्ट उजाडला. आ-ते सकाळपासून फोनला चिकटलेला. काही आलं नाही. सोळाला नाही, सतराला नाही. लोक जिन्यावरून जाताना मान वळवून बघायचे, काही विचारायचे नाहीत, आणि ते न विचारणंच त्याला जास्त लागायचं. घरी रू-यिन कपडे भरत होती. कॉम्प्युटर खोलीच्या कोपऱ्यात, पोटात रिकामी जागा घेऊन उभा. रू-यिन एकदा म्हणाली, "बाबा, जे मिळतंय ते लावलं तरी चालेल मला."

"तुला चालेल. मला नाही चालणार."

बाजारामागच्या गल्लीत थू-ती-कोंगचं, त्या जागेच्या राखणदार देवाचं, छोटं देऊळ आहे. आ-ते तिथे गेला. उदबत्त्या लावल्या. आपलं नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला, देवाला कळायला हवं ना कोण आलंय. मग चंद्रकोरीसारखे ते दोन लाकडी तुकडे हातात घेऊन विचारलं, "मुलगी जायच्या आत कार्ड येईल का?" आणि टाकले. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे हो नाही, नाहीही नाही; देव नुसता हसला होता. त्याने पुन्हा टाकले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही देव हसलाच.

झाडलोट करणारे म्हातारे गृहस्थ थांबले. "हसतोय म्हणजे तुझा प्रश्न कुठेतरी चुकलाय. काय विचारलंस?"

आ-तेने सांगितलं.

"ही बातमी तुला कोणी दिली?"

"एका आजीने."

"मग आधी तिला विचारून ये. देवाला मध्ये कशाला घालतोस?"

आ-ते ओशाळला. पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. त्याने शटर ओढलं आणि थाओ-युआनची बस धरली. आजी झाकण उघडून वाफेत तोंड घालून उभी होती. आ-तेने श्वासही न घेता विचारलं, "आजी, तुम्ही म्हणाला होतात आठव्या महिन्याच्या पंधराला. पंधरा तर होऊन गेली!"

आजीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याला ऊन लागलंय. "कुठे होऊन गेली? अजून सातवा महिना तरी सरलाय का? भुतं आहेत अजून बाहेर."

आ-ते बोटांवर मोजू लागला. त्यांच्याकडे महिन्यांना नावं नसतात, नुसते आकडे. तारखेचा आठवा महिनाही आठवाच आणि तिथीचाही आठवाच. आजीची पंधरा म्हणजे आठव्या महिन्याची पौर्णिमा, चंद्राचा सण. तारीख कोण धरणार, त्या वयात? ही गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही? पण लगेच जीवात जीवही आला. "म्हणजे पौर्णिमेला माल बाहेर पडणार?"

"कसला माल?"

"कार्डं! तुम्ही म्हणाला होतात पोरं मोकळी होतील."

"अरे, सणाची सुट्टी!" आजी एवढी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. "पोरं घरी जातील, मी पण गाडी बंद ठेवणार. मुलाकडे जाऊन पपनस खाणार. तेवढंच म्हणाले मी. तू काय ऐकलंस?"

परतीच्या बसमध्ये आ-ते खिडकीशी बसून होता आणि त्याचा पाय सारखा हलत होता. अख्खा बाजार एका म्हातारीच्या सुट्टीसाठी थांबला होता. आणि परवा रू-यिन जाणार. तिला काय सांगायचं, हे तो घोकत होता. अजून जरा कळ काढ. आलं की पाठवून देईन. एखाद्या माणसाबरोबर पाठवीन. नाहीतर मीच येईन घेऊन. प्रत्येक वाक्य मनात म्हणून बघितलं आणि प्रत्येक वाक्य त्याला गाळ्यावरच्या त्याच्या 'थांब'सारखंच ऐकू आलं.

घरी पोचला तर टेबलावर एक खोकं. शेजारी पिवळी पिशवी. ती पिशवी तो रोज समोर बघत होता.

"हे काय?"

"कार्ड," रू-यिन म्हणाली.

"चो ताईकडून? माझ्या डोळ्यांसमोरून?"

"डोळ्यांसमोरून कुठे? तुम्ही तर थाओ-युआनला गेला होतात."

सू-चू स्वयंपाकघरात तोंड फिरवून हसली, ते त्याला दिसलं.

"हे जुनं होणार आहे गं. काही महिन्यांत बघ."

"होऊ दे ना. मी पण होणारच आहे." रू-यिनने खोकं त्याच्याकडे सरकवलं. "तुम्हाला नसेल लावायचं तर तसं सांगा. ताई म्हणाल्यात, त्यांचा माणूस येऊन लावून देईल."

"त्यांचा माणूस?" आ-ते उठलाच. "तारा उपटेल तो माझ्या!"

त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं. आवडलं नाही, हे चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तरी इतक्या हलक्या हाताने बसवलं की रू-यिन श्वास रोखून बघत राहिली. टक् असा आवाज झाला. बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि पडदा उजळला. 

कुरिअरने पाठवायला तो तयार झाला नाही. दक्षिणेच्या जलद गाडीत तो स्वतः बसला, कॉम्प्युटरचं मोठं खोकं मांडीवर, दोन्ही हातांच्या कवेत, शेजारी रू-यिन. गाडी सुटली तसा खिशातला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. हात सोडावा तर खोकं हलतंय. शिन-चू स्टेशन गेलं, थाय-चुंग गेलं. आ-ते कधी खिडकीबाहेर बघे, कधी छताकडे. त्याचा गुडघा खोक्याखाली उडत होता.

रू-यिनने शेवटी त्याच्या खिशात हात घालून फोन काढला. "नव्या कार्डाचा फोटो फुटलाय म्हणे. सगळे तुम्हाला विचारताहेत खरा की खोटा." तिने त्याच्याकडे पाहिलं. "वाचू का?"

आ-तेने थोडा वेळ तग धरला.

"वाच."

ती वाचत गेली. कोणी काय म्हणतंय, कोणाच्या मेहुण्याने काय पाहिलं, माल कधी निघणार. आ-ते मान हलवत होता, मध्येच नाक मुरडत होता. मग तिने फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. खोक्यावरचे हात न सोडता तो पुढे वाकला आणि डोळे बारीक केले.

"पंखा ओळखीचा वाटतोय," तो म्हणाला. "जरा मोठा कर बघू."