ब्रेक मास्तरांचा

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी एकतीस वर्षांत अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटपुढे त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक असे, आणि नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "स्टिअरिंग तुमचं, ब्रेक माझा. घाबरायचं नाही." या एका वाक्याच्या भरवशावर भित्र्यातल्या भित्र्यांनी घाट उतरले होते. तिसऱ्या दिवशी दारू आणि गाडी यावर व्याख्यान असे. ते ऐकून दोघांनी पिणं सोडलं होतं, निदान मास्तरांना तरी तसं सांगितलं होतं.

अशा माणसाने मित्राच्या निवृत्तीच्या जेवणात भरदुपारी तीन पेग घ्यावेत? लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! बरं, चारची शिकवणी रद्द करावी, तर तेही नाही. शिकायला येणार होत्या शिलाईवाल्या काकू, वय एकसष्ट, गिअर बदलताना जीभ चावणाऱ्या. गाडी त्या चालवणार, आपण नुसते बसणार, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. ही चूक फक्त गाडी शिकवणाराच करू जाणे.

चौकात पोलिसांची तपासणी चालू होती. काकूंनी यंत्रात फुंकलं, शून्य आलं. पोलीस बाई खिडकीतून वाकली आणि तिचं नाक मास्तरांकडे वळलं. तीही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

"मास्तर, तुम्हीपण फुंका."

आकडा मर्यादेच्या दुप्पट आला. मग दवाखान्यात रक्ताचा नमुना, कागदावर सही, लायसन्स जमा आणि हातात कोर्टाची तारीख.

"अगं, पण मी चालवत नव्हतो," मास्तर म्हणाले.

"ते कोर्टात सांगा. पोलिसांशी हुज्जत घालायची नाही, तुम्हीच शिकवलंय."

वकील घरचाच होता, बहिणीचा मुलगा. त्याने कागद वाचले आणि त्याची कळी खुलली. "मामा, आरोप काय, तर नशेत गाडीचा ताबा तुमच्याकडे होता. तो त्यांना सिद्ध करावा लागेल. आपण गुन्हा नाकबूल करायचा. मग साक्षी होतील. काकू सांगतील, गाडी मीच चालवत होते, मास्तर नुसते बसले होते."

"आणि हरलो तर?"

"दंड, सहा महिने लायसन्स बंद. कबूल केलंत तरी जवळपास तेवढंच. मग लढून का नाही बघायचं?"

सहा महिने लायसन्स नाही म्हणजे सहा महिने स्कूलला कुलूप. मास्तर लढायला तयार झाले. मामी तेवढं म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. आता स्वतःची एक सापडली तर लपवताय."

तारखेच्या दिवशी काकू कोर्टाच्या व्हरांड्यात भेटल्या. साक्षीचा दिवस अजून लांब होता, पण त्या नुसता धीर द्यायला आल्या होत्या.

"मी सांगेन की तुमचा काही संबंध नव्हता," त्या म्हणाल्या. "तसं ते खरंच आहे. चौकाच्या अलीकडे ट्रक आडवा आला, तेव्हा तुम्ही घोरत होतात. मी म्हटलं, ब्रेक मास्तरांचा आहे, आणि गेले बिनधास्त. अगदी शेवटी मीच दाबला. पण घाबरायचं नाही हं, मास्तर."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" भाचा उत्तर द्यायला उठतच होता.

"कबूल आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "स्टिअरिंग त्यांचं होतं, पण ब्रेक माझा होता."

भाचा खाली बसला. दंड झाला, सहा महिने लायसन्स गेलं, स्कूलला कुलूप लागलं. मास्तर मात्र त्या दुपारी गाढ झोपले, या खेपेला आपल्या घरी.

चौथ्या महिन्यात त्यांच्या दारात एक जुनी, लहानशी गाडी थांबली. काकू दुसरीकडे शिकून पास झाल्या होत्या. "चला, फिरवून आणते," त्या म्हणाल्या. मास्तर सवयीने शेजारी बसले. पहिल्याच वळणावर त्यांचा पाय खाली जोरात दाबला गेला. खाली नुसती चटई होती.

काकूंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मास्तर, आता ब्रेकपण माझाच. घाबरायचं नाही."