बावीस मीटर वायर

मीटर रूमपासून आईच्या गाडीपर्यंतचं अंतर बावीस मीटर भरलं. वायरमनने टेप गुंडाळत सांगितलं, "काम अर्ध्या दिवसाचं आहे, ताई. पाइप टाकायचा, केबल ओढायची, अर्थिंगचा खड्डा मारायचा आणि गाडीमागच्या खांबावर चार्जर लावायचा. मीटर कंपनीची माणसं येऊन बसवतील. तुम्ही फक्त सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा."

तेव्हा जून होता. पत्र हातात पडेपर्यंत गणपती येऊन गेले.

गाडी आईची. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर ती ड्रायव्हिंग शिकली आणि ही छोटी इलेक्ट्रिक गाडी तिने एकाच कामासाठी घेतली. तिची थोरली बहीण, माझी मावशी, खडकवासल्याच्या धरणावरून बरंच पुढे एका गावात एकटी राहते. मावशीला मधुमेह आहे आणि तिच्या पावलाला जखम झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाआड नीट ड्रेसिंग झालं तर पाय वाचेल. कात्रजहून बस बदलत जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. आईने जन्मभर लोकांच्या जखमा धुतल्या होत्या. बहिणीची जखम ती दुसऱ्या कोणावर सोडणार नव्हती.

पण आमच्या पार्किंगमध्ये साधा प्लगसुद्धा नव्हता. त्यामुळे दर दुसऱ्या फेरीनंतर तिला हमरस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर जावं लागायचं. तिथल्या तीन मशीनपैकी एक कायमचं बंद, दुसरं मनात आलं तर चालणारं, आणि तिसऱ्यापुढे टॅक्सीवाल्यांची रांग.

मी अर्ज लिहिला, सोबत शासनाचं परिपत्रक जोडलं आणि सेक्रेटरींना नेऊन दिला. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मूळचे शनिवार पेठेतले. त्यांनी अर्ज उलटा करून मागची कोरी बाजू आधी पाहिली.

"बघतो."

"कधीपर्यंत?"

"अहो, आपली गाडी विजेवर चालते, सोसायटी नियमांवर चालते. वेग वेगळा असणारच."

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, कमिटीसमोर ठेवतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले, कमिटीचा कोरम झाला नाही. जुलैत मी त्यांना लिफ्टमध्येच गाठलं. त्यांनी "विषय नाजूक आहे" एवढंच सांगितलं आणि एक मजला आधीच उतरले.

विषय नाजूक का असावा? वायरीत नाजूक काय असतं?

मला संशय यायला सुरुवात झाली होती. खरं तर सुरुवात झाली होती असं म्हणणं खोटं आहे. तो होताच, मी त्याला फक्त खुर्ची दिली. आम्ही या सोसायटीत राहायला आलो तेव्हा दारावर धम्मचक्राचं स्टिकर लावलं होतं आणि त्याच आठवड्यात तीन वेगवेगळ्या घरांतून "आपण मूळचे कुठले?" असं विचारून झालं होतं. मूळचे कुठले म्हणजे काय विचारायचंय, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आता समोरच, दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गॅलरीतून दोरीसारखी वायर खाली सोडून त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर रोज चार्ज करत होते. त्यांना कोणी कोरम दाखवला नव्हता. त्यांचं आडनाव आणि सेक्रेटरींचं आडनाव एकाच लग्नपत्रिकेत सहज शोभलं असतं.

ऑगस्टमध्ये एकदा स्टेशनवरची तिन्ही मशीन बंद पडली. आई दोन तास थांबून घरी परतली. दुसऱ्या दिवशी बसने जाईपर्यंत संध्याकाळ झाली. रात्री परत आली तेव्हा तिने हात धुतले, पुन्हा धुतले आणि मग म्हणाली, "जखमेला वास येतोय."

बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

त्याच रात्री मी पत्रक लिहिलं.

हे सांगायला हवं की आमच्या घरात पत्रक लिहिणं म्हणजे विशेष काही नाही. बाबा कामगार संघटनेत होते. मी अक्षरं शिकले ती अंकलिपीवर नव्हे, मोर्चाच्या पत्रकांवर. 'ज'ची ओळख मला 'जाहीर निषेध'मधून झाली. बाबांचे नियम पक्के होते: एक पान, एक मागणी, खाली स्वतःचं नाव. पत्रक दाराखालून सरकवायचं, बेल वाजवायची नाही. माणसाला एकट्याने वाचू द्यायचं, तोंडावर उभं राहिलं की तो वाचत नाही, तोंड बघतो.

माझ्या पत्रकाचं शीर्षक होतं 'कारण द्या'. ना-हरकत द्यायची नसेल तर तसं लेखी द्या, आणि एका घराच्या वायरीकडे डोळेझाक करून दुसऱ्या घराचा अर्ज दाबून ठेवण्यामागे नेमकं काय आहे तेही लिहा, असा मजकूर होता. 'नेमकं काय आहे' या शब्दांखाली मी रेघ मारली होती. ज्याला कळायचं त्याला कळावं म्हणून.

बाबांनी सकाळी ते वाचलं. "'आडमुठे' काढ. विशेषण हा पुरावा नसतो."

"बाकी?"

"बाकी ठीक आहे." एवढं बोलून ते खाली मान घालून पत्रकांना घड्या घालायला बसले. अठ्ठेचाळीस पत्रकं, प्रत्येकाची घडी सारखी. दुपारपर्यंत मी अठ्ठेचाळीस दारांखालून ती सरकवली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सेक्रेटरी आमच्या दारात उभे. हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाड रजिस्टर.

"काल कारण मागितलंत, आज आणलंय," ते मला म्हणाले. "तीन महिने परवानगी मागत होतात. कारण कधी विचारलंच नव्हतं."

त्यांनी खूण घातलेलं पान उघडून रजिस्टर माझ्यापुढे धरलं. "आपणच वाचा. अक्षर ओळखीचं असेल."

अक्षर बाबांचं होतं. सर्वसाधारण सभेचा ठराव: सोसायटीच्या सामाईक भिंती, जिने, मीटर रूम किंवा पार्किंगचं छत यांवरून कोणत्याही सभासदाची खासगी वायर कोणत्याही कारणास्तव नेली जाणार नाही. सूचक म्हणून बाबांची सही. ठराव एकमताने मंजूर.

मला बाबांचं तेव्हाचं पत्रक आठवलं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. सोसायटीचे त्या वेळचे अध्यक्ष जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवरून चोरून वायर घेऊन स्वतःचं वॉशिंग मशीन चालवायचे. बाबांनी जिन्यातले सगळे दिवे बंद केले आणि मीटरसमोर उभे राहिले, तर चकती फिरतच होती. त्यावर त्यांनी पत्रक काढलं, सभा झाली, अध्यक्ष गेले. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द पत्रकात ठळक होते. आणि ते पत्रक घरोघर सरकवलं होतं मी. एकेका दाराशी गुडघे टेकून.

"हे तुम्ही जूनमध्येच का नाही दाखवलं?" मी विचारलं.

"मला वाटलं, आपल्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, ज्यांनी नियम केला त्यांच्याच घरून तो मोडायचा अर्ज आलाय, तोही मुलीच्या हातून. आपले वडील स्वतः येतील, म्हणतील, ठराव आमचा होता, आता बदलू या. मी वाट बघत होतो." ते बाबांकडे वळले. "आपण आला नाहीत."

बाबांनी रजिस्टर मिटलं.

"आणि दुसऱ्या मजल्यावरची ती वायर?" मी सोडलं नाही.

"ती त्यांच्या स्वतःच्या गॅलरीतून थेट खाली येते. सामाईक भिंतीला लागत नाही. मी खाली उभा राहून बघितलंय."

"वारा सुटल्यावर बघा एकदा."

"बघतो," ते म्हणाले, आणि या वेळी स्वतःच थोडं हसले. जाताना त्यांनी माझं पत्रक खिशातून काढून टेबलावर ठेवलं. रेघ मारलेल्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "याचा अर्थ मला कळला. एवढं सांगून ठेवतो."

दार लागलं. आईने बाबांना विचारलं, "तुम्हाला हे आठवत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"वायरमनने टेप लावला त्या दिवसापासून."

मी आईकडे बघितलं. तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलण्याचा. "तिच्या पायाला वास येत होता तेव्हाही?"

बाबांनी चष्मा काढला. "ठराव चुकीचा नव्हता. तेव्हा तोच हवा होता. आता मी उठून बदला म्हणालो असतो तर लोकांनी काय म्हटलं असतं? घरात गाडी आली तसा नियम वाकवला. मला वाटलं, ही कारण मागेल, ते ठराव काढतील, सभेपुढे विषय जाईल आणि सभाच तो बदलेल. माझ्याकडून मागणी जायला नको होती."

"म्हणून पोरीला पुढे केलंत."

"मी पुढे नाही केलं. तिनेच…"

"घड्या कोणी घालून दिल्या?"

तीन महिने मी जे कारण सेक्रेटरींच्या कपाटात शोधत होते ते आमच्याच कपाटात निघालं. पण म्हणून त्यांचं कपाट स्वच्छ ठरतं का? सेक्रेटरींनी रजिस्टर पहिल्याच दिवशी उघडलं असतं तर मावशीचं एक ड्रेसिंग चुकलं नसतं. समोरच्या माणसाच्या मानभंगाची वाट बघत बसणं हेसुद्धा एक कारणच असतं, आणि ते कुठल्याही रजिस्टरात लिहिलेलं नसतं. त्यांना ती वाट आमच्याच दाराशी बघावीशी का वाटली, हे मला आजही माहीत नाही. मी असं म्हणत नाही की माझा संशय खरा होता. तो खोटा होता असंही कोणी मला अजून दाखवलेलं नाही.

मी दुसरं पत्रक काढायचं म्हटलं. आईने माझ्या हातातलं पेन घेतलं. "कागद पुरे झाले. विशेष सभा बोलवायला पाचव्या हिश्शाच्या सभासदांच्या सह्या लागतात ना? चला, उठा," ती बाबांना म्हणाली. "आणि बेल तुम्ही वाजवायची."

तो रविवार होता. आई, बाबा आणि मी तळमजल्यापासून निघालो. पहिल्या दाराशी बाबा इतका वेळ उभे राहिले की आईने त्यांचं मनगट धरून बोट बटणावर टेकवलं. आयुष्यभर माणूस दाराखालून बोलत आला होता. आता दार उघडत होतं आणि समोर लुंगीतला, टॉवेल गुंडाळलेला, तोंडात घास असलेला सभासद उभा राहत होता.

"काका, तो ठराव तुमचाच ना?" तिसऱ्या दारातल्या मुलाने विचारलं. तो आयटीत आहे, त्याला स्वतःला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती. "सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर फोटो टाकलाय त्याचा. सॉलिड हँडरायटिंग आहे."

"माझाच."

"मग आता?"

"आता तो बदलायला हवा."

"तुमची गाडी आली म्हणून?"

मला वाटलं, आता बाबा सभासदांच्या व्यापक हिताबद्दल बोलतील. "हो," ते म्हणाले. "आमची आली म्हणून कळलं. आधी कळायला हवं होतं."

त्याने सही केली. पुढच्या प्रत्येक दारात तोच प्रश्न थोड्याफार फरकाने आला आणि बाबांनी तेच उत्तर दिलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सही करता करता विचारलं, "मग त्या वॉशिंग मशीनवाल्याला उगाच घालवलंत म्हणायचं का?" बाबा म्हणाले, "नाही हो, त्याला बरोबर घालवला." संबंध इमारतीत तेवढं एकच वाक्य ते मोठ्याने बोलले.

सभा गणपती विसर्जनाच्या पुढच्या रविवारी पार्किंगमध्येच झाली. नवा ठराव आईने मांडला, बाबांनी अनुमोदन दिलं: स्वतःचं वेगळं मीटर असेल, परवानाधारक कंत्राटदाराचं काम असेल आणि वायर पाइपातून नेली असेल तर कोणत्याही सभासदाला ती नेता येईल. अट सगळ्यांना सारखी, म्हणजे गॅलरीतून सोडलेल्या वायरींनाही. ही शेवटची ओळ माझी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विरोधात हात वर केला, त्यांच्या पत्नीनेही केला. बाकी सगळे बाजूने होते. सेक्रेटरींनी मतं दोनदा मोजली. मी तीनदा.

ना-हरकत पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. वायरमन आला, काम खरोखर अर्ध्या दिवसात झालं. मीटर बसायला मात्र आणखी काही दिवस गेले. कंपनीचा माणूस सील लावत असताना मी सीलच्या नंबरचा फोटो काढला. मागून आणखी एक मोबाइल पुढे आला, सेक्रेटरींचा.

"विश्वास नाही वाटतं?" मी विचारलं.

"आपला आहे?"

आम्ही दोघांनी आपापले फोटो मोठे करून तपासले.

त्या संध्याकाळी आईने चार्जर लावला आणि गाडी भरेपर्यंत वर जाऊन पोळ्या केल्या. सकाळी मी मीटरचं रीडिंग बघायला खाली उतरले तेव्हा तिची जागा रिकामी होती. केबल आकड्यावर गुंडाळून ठेवलेली होती. बाबा माझ्या मागोमाग चपला अडकवून आले.

"गेली?"

"गेली."

दहाच्या सुमारास मावशीचा फोन आला. मी विचारलं, पाय कसा आहे. ती म्हणाली, "तुझी आई बघतीय. थोबाड काही सांगत नाही तिचं." मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, स्टीलच्या ताटलीत कात्री टेकल्याचा आवाज आला, आणि लांबून आई म्हणाली, "जखमेच्या कडा गुलाबी दिसतायत. भरतीय."