सरका थोडं, जागा हाय

"सरका थोडं, जागा हाय," असं म्हणताना मास्तर जवळ जे असेल त्यावर बोटांनी दोनदा टकटक वाजवायचे. दार असो, टेबल असो, लग्नातली खुर्ची असो. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हात अजून गाडीतच होता. असा कंडक्टर तुम्हीही पाहिला असेल. दारापर्यंत माणसं लोंबकळत असतात आणि हा मात्र पिशवीवाल्या म्हातारीला हात देऊन वर घेतो.

एसटीत ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात. गंगाखेडच्या आमच्या गल्लीनंही तेच धरलं. वास्तविक गल्लीत शाळामास्तर मी. पण "मास्तर" अशी हाक आली की वळून ते बघायचे, मी आपला नुसता "सर". आमच्या घरांच्या मधे छातीइतकी भिंत. सकाळी तिच्यावरून आमचा जयभीम व्हायचा आणि मग त्यांच्या परसाची बातमी सुरू व्हायची.

परस म्हणजे एका खोलीएवढी जागा. त्यात कडीपत्ता, लिंबू, एरंड, रुई, आणि न्हाणीला लागून पाला, काटक्या, फुटक्या कौलांचा एक ढीग. मी अंगणात फरशी घातलेला, रोज झाडू मारणारा माणूस. हा ढीग म्हणजे शुद्ध आळस, असं माझं ठाम मत होतं.

तो सुरू झाला एका भेकापासून. पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीत एक गलेलठ्ठ भेक, बेडकाचा थोरला भाऊच, येऊन बसला. वहिनी म्हणाल्या, बाहेर टाका. मास्तरांनी त्याच्यावर फुटकं कौल आडवं लावून दिलं. मग सापसुरळ्या आल्या, सरडे आले, पाखरं आली. मास्तरांना कुणाचं नाव धड माहीत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. रोज येणारे बुलबुल म्हणजे पासवाले. म्हातारा भेक सवलतवाला. थंडीच्या तोंडावर येऊन शेपटी हलवत पळणारा धोबी पक्षी लांब पल्ल्याचा. लिंबाच्या काडीला चिकटलेले फुलपाखरांचे कोष दाखवून ते म्हणायचे, हे रिझर्वेशनवाले, थंडी सरल्याबिगर उठायचे न्हाईत.

दिवाळी झाली की गल्लीत सकाळी पाला पेटायचा. मास्तर घरोघर जाऊन तो पेटायच्या आधी मागून आणायचे. माझ्या लिंबाऱ्याचा, म्हणजे कडुलिंबाचा, पालाही पोत्यात भरून न्यायचे आणि ढिगावर हलक्या हातानं पसरायचे. वाळलेल्या काड्या छाटायच्या नाहीत, पालापाचोळा उचलायचा नाही. मी चेष्टा केली की म्हणायचे, "थंडीत अंगावरची वाकळ कुणी वढतंय का, सर?"

गेल्या वर्षी याच दिवसांत पेच पडला. त्यांच्या लेकीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, तेही ऐन थंडीत. वहिनींनी सांगून टाकलं की बाळाला ऊन द्यायचं ते परसात, त्याचे कपडे वाळायचे ते परसात, आणि न्हाणीजवळ विंचूकाट्याचा ढीग चालणार नाही. पोरगी यायच्या आत तो पेटवून मोकळं व्हा. वहिनींचं काही चुकत नव्हतं. मास्तरही त्यांना एका शब्दानं उलट बोलले नाहीत.

ते भिंतीशी आले. त्या दिवशी टकटक नव्हती.

"सर, म्या एकाबी पाशिंजरला कधी मधीच उतरवलं न्हाई. आता तर थंडी पडायलीय. ह्यायला कुठं उतरवू?"

मग ते माझ्या भिंतीकडे बघत राहिले. न्हाणीपासून सगळ्यात लांबचं टोक तेच होतं. मी माझ्या फरशीकडे बघितलं आणि म्हणालो, "बघा बुवा." त्यांनी तो होकार धरला.

दुसऱ्या कुणी फावड्यानं दुपारभरात ढीग हलवला असता. मास्तरांना ते पटेना, कारण आत लोक बसलेले होते. ऊन तापलं की ते काठी घेऊन यायचे आणि कौलावर दोनदा वाजवायचे. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम. मग चहा होईपर्यंत थांबायचे. आतल्यांनी आवरून घ्यावं म्हणून. मग हातभर ढीग पुढे, बाकीचा उद्या. वहिनी दारातून बघायच्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "भरली गाडी घाट चढवायलेत जणू." पण चहा त्याच आणून द्यायच्या.

लेक आली तोवर ढीग माझ्या भिंतीला टेकला होता आणि घराकडची अर्धी जागा सारवून लख्ख झाली होती. मुलगी झाली. कोवळ्या उन्हात तिला बाजेवर ठेवलं, त्या दिवशी मास्तरांनी बाजेच्या लाकडावर टकटक केली आणि परसाकडे तोंड करून म्हणाले, "सरका थोडं, जागा हाय." मी भिंतीआड हसत होतो आणि डोळेही पुसत होतो.

यंदा पाऊस उघडला, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले आणि एका सकाळी मास्तर भिंतीशी आलेच नाहीत. झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी माझ्या लिंबाऱ्याचा पाला नेऊन त्यांनी ढिगावर पसरला होता.

डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर झाडून सगळे आले. घर भरलं, ओटा भरला, माणसं परसात उभी राहिली. मागून आणखी येतच होती. आतले लोक सवयीनं मागे सरकत राहिले, आणि सरकता सरकता एका ड्रायव्हरचा पाय ढिगाला लागला. काटकी मोडल्याचा आवाज झाला.

वहिनी लेकीला धरून दारात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"भाऊ, तिकडं नका सरकू. तिथं जागा न्हाई, भरलंय ते."

त्या घरातून 'जागा न्हाई' हे मी पहिल्यांदाच ऐकलं. ड्रायव्हरनं वाकून बघितलं, पाय काढून घेतला, आणि ती सगळी माणसं निमूट पुढे सरकली.