चालायला निघायचो आणि गाडीत बसायचो

२००५ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला मुलाकडे येऊन वर्ष झालं होतं. रक्तातली साखर वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला, नाहीतर पुढच्या तपासणीनंतर इन्सुलिनची सुई सुरू. जन्मभर गवंडीकाम केलं, विटांची पाटी डोक्यावर घेऊन परांचीवर चढलो. आता रोज दंड पुढे करून कुणाकडून तरी टोचून घ्यायचं? ते मला जमणारं नव्हतं. म्हटलं, चालतो.

आता बिनकामाचं चालणं हेही मला पटत नव्हतंच. चौथीपर्यंत शिकलेल्यालाही कळतं की माणूस कुठंतरी पोचायला चालतो. तरी निघालो.

पहिल्याच आठवड्यात मागच्या गल्लीतल्या मेक्सिकन म्हाताऱ्यानं माझ्याशेजारी पिकअप थांबवली. "अमिगो!" म्हणत दार उघडलं. मित्राला ते असं म्हणतात. एवढ्या मानानं बोलावणाऱ्याला नको म्हणायची आमच्या घरची रीत नाही. बसलो. त्यानं मला त्यांच्या लोकांच्या बेकरीत नेऊन गोड पाव खाऊ घातला. मग रोजच तो यायचा, रोजच मी बसायचो. इंग्रजी दोघांचीही सारखीच मोडकी, पण गप्पा अडल्या नाहीत.

मुलाला कळलं, तसा तो वैतागला.

"बाबा, डॉक्टरनं वॉक करायला सांगितलंय. तुम्ही राइड घेताय. वर गोड पाव!"

"माणूस बोलावतो. तोंडावर नाही म्हणू?"

"मग मी सांगतो त्यांना."

"सांग. पण नीट बोल. माणूस चांगला आहे."

रविवारी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. म्हातारा खुर्चीत बसलेला. त्याच्या मुलीशी माझा मुलगा इंग्रजीत बोलला, तशी ती हसतच सुटली. मग तिनं काहीतरी सांगितलं, तसा माझा मुलगाही हसायला लागला.

"काय झालं ते मला सांगशील?"

"बाबा, त्यांनाही डॉक्टरनं चालायलाच सांगितलंय. पण ते घरी म्हणतात, इंडियन आजोबा बिचारे रोज रस्त्यानं पायी जातात, त्यांना कुणी गाडीतून नेत नाही. मी नेलं नाही तर कोण नेणार?"

बिचारा? मी? मी त्याचा मान राखत होतो, आणि हा माझ्यावर दया करत होता!

"त्याला म्हणावं, माझे पाय अजून शाबूत आहेत."

मुलीनं त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्यानं खांदे उडवून काहीतरी उत्तर दिलं.

"ते म्हणतात, दिसत तर नाही," मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो नुकता पिकअपमध्ये बसत होता. मला बघून त्यानं सवयीनं पलीकडचं दार उघडलं. मी आत वाकलो, किल्ली काढून घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि चालायला लागलो. मागून "अमिगो! अमिगो!" चाललं होतं. मी वळून पाहिलं नाही. वस्तीच्या टोकाच्या तळ्यापर्यंत गेलो. किल्लीसाठी का होईना, तोही धापा टाकत तिथवर आलाच.