बुरुलकान एजेची वेळांची वही

बुरुलकान एजे फार भित्री, असं आमच्या नारिन गावात तिला ओळखणारा जो तो हसत सांगायचा. इस्त्री बंद केली की नाही हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून दोनदा माघारी फिरायची. कुणी दार जरा जोरात वाजवलं की आधी छातीवर हात ठेवायची आणि मगच कडी काढायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहायचो. मी तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पण एजे म्हणजे थोरली बहीण, आणि धाकट्या बहिणीसारखंच माझं तिच्याकडे सतत येणंजाणं असायचं.

ही भीती आली कुठून, ते मला ठाऊक होतं. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एका जानेवारीत भर दुपारी डोलोन घाटातल्या चौकीवरून फोन आला, पोलिसांना जोडून द्या म्हणून. तिने जोडला. फोन नीट लागला का हे बघायला दोन क्षण ऐकायचं असतं, तसं तिने ऐकलं. पलीकडचा माणूस दरीत गेलेल्या ट्रकचा नंबर सांगत होता. तो तिच्या नवऱ्याच्या ट्रकचा नंबर होता. बदलीची बाई आलेली नव्हती, म्हणून एजे संध्याकाळी पाचपर्यंत लोकांचे फोन जोडत बसली. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही कांदा चिरताना, मान वर न करता.

एक्स्चेंज बंद पडल्यावर ती घरी टायपिंग करू लागली. एका शाळेने मोडीत काढलेला कॉम्प्युटर तिने आणला आणि आईच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. आई म्हणजे अनिपा आपा, नव्वदीच्या जवळपास, कमरेपासून खाली लुळी. दुसऱ्या भिंतीला आपाचा पलंग, त्यामागे भिंतभर टांगलेला लोकरी गालिचा आणि पायथ्याशी विजेचा हीटर. आपाला एकटं वाटू नये म्हणून एजे तिथेच काम करायची.

त्या हिवाळ्यात तिच्याकडे मोठं काम होतं. जुमाबेक नावाच्या म्हाताऱ्या पशुवैद्याने चाळीस वर्षं घोड्यांच्या दुखण्यांच्या नोंदी पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. पेन्सिल पुसट होत चालली होती आणि त्याची नजरही गेली होती. एजेने तीनशे पानं टाइप केली, आणि मग कॉम्प्युटर हँग व्हायला लागला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिथेच होते. स्क्रीनवरचं पान जसंच्या तसं राहिलं. माऊस हलेना, एकही कळ चालेना. एजेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मेला का गं हा?"

"मरतोय कसला! बंद करून परत चालू कर."

"आणि पानं गेली तर? त्या माणसाला मी काय सांगू? त्याला आता दिसतसुद्धा नाही."

चालू केला, तर पानं होती. पण दुसऱ्या दिवशी तो दोनदा हँग झाला आणि तिसऱ्या दिवशी चारदा. एजेचं जेवण सुटलं. पानं पेन ड्राइव्हवर घे म्हटलं, तर घेताघेता मध्येच बंद पडला म्हणजे दोन्हीकडचं जाईल, या धास्तीने ती हातच लावेना. शेवटी मी बाजारातून मेल्सला घेऊन आले.

मेल्स पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने अखंड बडबड्या. बाजारातल्या पत्र्याच्या खोक्यात त्याचं टीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने आल्याआल्या सगळी पानं पेन ड्राइव्हवर उतरवली आणि तो एजेच्या तळहातावर ठेवला.

"हं, एजे. आता तरी श्वास घ्या. नाहीतर कॉम्प्युटरच्या आधी तुम्हालाच दुरुस्तीला न्यावं लागेल."

मग त्याने डबा उघडला. आतली धूळ काढली, पंखा साफ केला, मेमरीची पट्टी बाहेर काढून तिची टोकं खोडरबराने घासली. डिस्क तपासली, व्हायरस शोधला. हे सगळं झाल्यावर चहा पिता पिता म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको." तो जिना उतरून रस्त्याला लागला नसेल, तोच कॉम्प्युटर हँग झाला.

तो परत आला. आतला वीजपुरवठ्याचा डबा बदलला. तरी तेच. तिसऱ्या वेळी त्याची बडबड जरा कमी झाली होती.

"कधी कधी होतं हे, एजे? काही नेम आहे का?"

एजेने उशाखालून एक वही काढली. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोनची वेळ लिहायची तिला सवय होती. तसाच प्रत्येक वेळचा हँग तिने लिहून ठेवला होता. नऊ चाळीस. बारा वाजून पाच. चार वीस. पंधरा दिवसांची पानं भरली होती.

मेल्सने वही दोनदा वाचली. "रोज नऊ-चाळीसच्या आसपास आहे की हे. त्या वेळी तुम्ही काय करता?"

"काय करणार? आपाला पुसून घेते. म्हणून हीटर मोठा करते."

"आणि बाराला?"

"तिचा चहा. किटली लावते."

"कुठे लावता?"

"इथेच, पलंगाजवळच्या प्लगला."

मेल्सने कॉम्प्युटर उचलून समोर माझ्या स्वयंपाकघरात आणला. त्या दिवशी सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत तो माझ्याकडे चालू होता. मी मुद्दाम शेगडी लावली, किटली लावली, हीटर लावला. एजे समोर स्टुलावर बसून स्क्रीनकडे टक लावून होती. एकदाही अडला नाही.

"बघ, बरा झाला!" मी म्हटलं.

मेल्स हसला नाही. "हा आजारी नव्हताच. दुखणं घरात आहे." मग तो एजेकडे वळला. "तुमच्या खोलीतला दिवा मिणमिणतो का?"

"हिवाळ्यात सगळ्या गावाचाच मिणमिणतो."

"जळकट वास?"

एजे हळूच म्हणाली, "आपा म्हणते, मासळीसारखा वास येतो. मी म्हटलं, म्हातारीला भास होतो."

"तारेवरचं प्लास्टिक जळताना असाच वास येतो!" म्हणत मेल्स उठून धावलाच. आम्ही त्याच्या मागे. हीटर चालू होता, आपा उशीला टेकून पडली होती. मेल्सने पलंगावरून वाकून गालिच्याखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मीही हात लावला. बाहेर उणे सव्वीस होतं, आणि ती भिंत भाकरीच्या तव्यासारखी तापलेली होती. कान दिला तर आतून बारीक चरचर ऐकू येत होती, आणि आपाचं डोकं तिथून वीतभर अंतरावर होतं.

"हीटर उपटा! म्हातारीला हलवा!" मेल्स ओरडला आणि वीज तोडायला जिन्यात पळाला.

मी प्लग ओढला. तो अर्धाच निघाला, त्याचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलं होतं. गालिच्याच्या वरच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघाली. माझे पाय जागच्या जागी गोठले. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त दाराकडे धावायचं होतं.

एजे मात्र हलली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, दात वाजत होते, पण हात नेमके चालत होते. तिने रजईची टोकं आईभोवती गुंडाळली.

"आपा, माझ्या गळ्याला धर."

"कशाला? पुसून झालं ना आज?"

"आपा, धर म्हणते ना!"

"गालिचा काढ आधी. माझ्या आईच्या हातचा आहे तो."

"आग लागलीय, आपा!"

"मग हे आधी नाही का सांगायचं?" म्हातारी म्हणाली आणि तिने गळ्याला मिठी मारली.

एजेने डोक्याकडून उचललं, आणि आता माझेही पाय सुटले, मी पायांकडून धरलं. जिन्यात मेल्स फ्यूजच्या पेटीवर हातोडी मारत होता. कुणी उगाच हात घालू नये म्हणून पेटीला कुलूप होतं, आणि किल्ली असलेला माणूस कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्या घावाला कुलूप तुटलं. त्याने खटका ओढला आणि सबंध जिना अंधारला. आत जाऊन त्याने गालिचा ओढून खाली पाडला. मागे भिंतीला चिकटवलेला कागद थाळीएवढा काळा पडला होता, त्याची कड अजून लाल दिसत होती. मेल्सने हाताने चापट्या मारून ती विझवली.

नंतर भिंतीचा गिलावा उचकटला तेव्हा दिसलं. भिंतीतला तारांचा जोड कित्येक वर्षांपूर्वी सैल झाला होता. हीटर किंवा किटली लावली की तिथे ठिणग्या उडत आणि कॉम्प्युटरला मिळणारी वीज तेवढ्यापुरती अडखळे. माणसाला दिवा मिणमिणताना दिसला, तरी हिवाळा म्हणून तो सोडून देतो. यंत्राला ते जमलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात आपा बोर्सोक, पिठाचे तळलेले गोळे, चहात बुडवून खात होती. एजे जमिनीवर बसली होती. आता कुठे तिला रडू आलं, आणि थांबेना.

"मी तिला भास होतो म्हटलं रे, मेल्स. रोज म्हटलं."

"एजे, पंधरा दिवस मी खोडरबर घासत बसलो होतो. लाज वाटायचीच तर मला वाटू द्या," मेल्स म्हणाला. पण भाजलेली बोटं तो पेल्याआड लपवत होता.

आठवड्यात त्या घरातल्या तारा बदलल्या. जुमाबेकच्या नोंदी एजेने माझ्याच टेबलावर पुऱ्या केल्या. पण तिचं तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्याच सोमवारी तिने ओढणी बांधली आणि आमच्या इमारतीतलं एकेक दार वाजवायला सुरुवात केली. लोकांच्या घरात शिरून भिंतीवरचे गालिचे उचलायची. पहिल्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, "एजे, स्वतःची भीती आमच्या घरात वाटत फिरू नका." ती जागची हलली नाही. "शिव्या द्या, पण आधी गालिचा उचला," म्हणाली.

चौतीस घरं झाली. दोन ठिकाणी भिंत गरम लागली. त्यातल्या एका भिंतीपाशी पाळणा होता.

एजेची भीती गेली नाही, उलट वाढलीच. ती जिन्यावरून आता तीनदा माघारी फिरते, आणि आम्ही कुणी हसत नाही.