मशेरीचा खोकला

मला टीबी निघाला त्या दिवशी सासूबाईंनी दोन कामं केली. माझं ताट-तांब्या वेगळं काढलं आणि माझ्या खोलीची खिडकी लावून घेतली. "वारं लागंल." नको ते केलं आणि हवं ते बंद केलं! हा रोग भांड्यातून लागत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो आणि कोंदट खोलीत रेंगाळतो. दवाखान्यात मला हे नीट समजावलं होतं. पण आमच्या सोनईत सुनेचं शहाणपण सासूला ऐकवणार कोण?

तिसऱ्या दिवशी फर्मान निघालं: मी सहा महिने कोल्हारला, माहेरी जायचं. दोन वर्षांची लेक मात्र इथंच राहणार. नवरा मान खाली घालून बसला. माझं डोकंच फिरलं. मी खिडकी सताड उघडली, मास्क बांधला आणि म्हणाले, "गोळ्या इथंच खाईन. लेकीपासून लांब झोपीन, पण घर सोडणार न्हाई."

मग दवाखान्याच्या आशाताई आल्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय? माझा मशेरीचा खोकला हाय," सासूबाई उसळल्या.

आमच्या गल्लीत मशेरी लावणाऱ्या प्रत्येक बाईचा खोकला याच नावावर खपतो. सासूबाईंचा दिवाळीपासून थांबला नव्हता, आणि लेक रोज त्यांच्याच कुशीत झोपायची.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "आत्या, मशेरीचा असंल तर मशेरीचाच निघंल. चला," म्हणत मी त्यांना रिक्षात बसवलंच. दवाखान्यात त्यांनी तपासणीच्या डबीत नुसती थुंकी टाकली. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, थुंकी नको, छातीतनं बेडका काढा."

बेडक्यात टीबी निघाला. नवरा आणि लेक निरोगी निघाले. रोग होऊ नये म्हणून दोघांनाही औषध सुरू झालं.

घरी आल्यावर सासूबाई ओट्यावरच बसल्या. "माझ्यामुळंच झालं व्हय गं तुला?"

इतके दिवस मी जहरी उत्तरं घोटून ठेवली होती, पण ती गिळली. "ठावं न्हाई, आत्या. आता गोळ्या दोघीबी खाऊ. तुमीबी माहेरी जायचं न्हाई." त्या कसंनुसं हसल्या. मग मी म्हणाले, "पण पोरीला आता तुमच्याजवळ झोपवायचं न्हाई."

त्या आत गेल्या आणि लेकीची गोधडी आणून नवऱ्याच्या हातात दिली.