बिनआवाजाचा डबा

पद्मिनीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अपार्टमेंटच्या कचराकुंडीपाशी. कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात कुणीतरी टाकून दिलेला व्हीसीआर. तो ती उलटसुलट करून बघत होती आणि मुलाला "थांब रे जरा" म्हणत होती, म्हणून ती मराठी आहे हे कळलं. मलाच ओशाळल्यासारखं झालं, तिला अजिबात नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "चालतो का तो?"

"चालायला कशाला हवाय? मला नुसता खोका हवाय," ती म्हणाली, आणि व्हीसीआर काखोटीला मारून जिना चढायला लागली.

अमेरिकेतल्या आमच्या या हर्नडनमध्ये मराठी माणूस भेटला की आधी गाव विचारायचं आणि मग कंपनी. मी दोन्ही विचारून घेतलं. गाव चिंचवड. कंपनीवर ती म्हणाली, "कंपनी नवऱ्याची. मी एच-फोर."

एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला बायकोचा व्हिसा. त्यावर इथे राहता येतं, गाडी चालवता येते, पोरं काढता येतात, मंडळाच्या गणपतीला शंभर माणसांचा मसालेभात करता येतो. फक्त पगार मिळेल असं काम करता येत नाही. माझ्या वेळी मीही त्यातून गेले आहे, पण मी मुळात आळशी. मला दुपारच्या मालिका पुरल्या. पद्मिनीचं तसं नव्हतं. ती भोसरीच्या एका कारखान्यात चार वर्षं कॉम्प्युटरची मशीन रूम सांभाळत होती. तिथली थंडी, स्वेटर घालून मशीनच्या रांगांमधून फिरणं, नुसत्या आवाजावरून कुठलं मशीन आजारी आहे ते ओळखणं, हे ती अशा आनंदाने सांगायची, जसं दुसऱ्या बाया माहेर सांगतात. लग्न झालं, २००२ मध्ये ती इथे आली आणि ते सगळं एका दिवसात बंद झालं.

तिचा नवरा शैलेंद्र सॉफ्टवेअरमधला, सज्जन आणि भित्रा. एका बेडरूमचं घर, त्यात लहानगा कुश. शैलेंद्रने ऑफिसमधून मोडीत निघालेला एक भला थोरला कॉम्प्युटर आणला होता. पद्मिनीने त्याचा सर्व्हर केला, म्हणजे दिवसरात्र चालू राहून घरातले फोटो, फायली, मेल सांभाळणारा कॉम्प्युटर. चिंचवडला बसून आजी-आजोबांना कुशचे फोटो बघता यायला लागले. पण तो गुरगुरायचा. कुश दचकून उठायचा, विजेचं बिल वाढलं, आणि शैलेंद्रने एक दिवस सांगून टाकलं, "यार, घरात एक तर हा राहील नाहीतर मी."

दुसरी कुणी असती तर बंद करून टाकला असता. ही बाई त्या आवाजाच्याच मागे लागली. नवीन घ्यायला पैसे नव्हते, असते तरी मागायचे कुणाकडे हा प्रश्न होता. तिने इंटरनेटवरच्या लिलावातून पंख्याची गरज न लागणारा एक छोटासा बोर्ड मिळवला. वीज द्यायला मेलेल्या लॅपटॉपचा चार्जर. हार्ड डिस्क खोक्याला स्क्रूने आवळली की तिची थरथर सगळ्या खोक्यात उतरते आणि तोच घुमणारा आवाज होतो, म्हणून तिने कुशच्या पायजम्यातलं इलॅस्टिक काढलं आणि डिस्क त्यावर झोपाळ्यासारखी टांगली. टांगलेली डिस्क तापते, म्हणून एकच पंखा ठेवला, आणि त्यालाही अर्ध्याहून कमी वीज देऊन सावकाश फिरायला लावलं. हे सगळं त्या व्हीसीआरच्या खोक्यात बसवलं. चालू आहे की नाही ते बघायला कान टेकवावा लागायचा, आणि वीज एखाद्या साध्या बल्बच्या निम्मीसुद्धा खात नव्हता. ती त्याला डबा म्हणायची.

मग मला एक डबा हवासा वाटला. मग मंडळाच्या वेबसाइटला. मग आमच्यातल्या चारचौघांना. पद्मिनी फक्त सामानाचे पैसे घ्यायची. आमच्या माणसांचं काय सांगावं, वर्षभर मेल अडला की तिला फोन करायची आणि दिवाळीला चिवड्याची पिशवी हातात ठेवून उपकार केल्यासारखी हसायची. मला संताप यायचा. पद्मिनी मात्र त्या फोनची वाट बघायची. फोन वाजला की तिच्या चेहऱ्यावर भोसरी यायची.

स्टर्लिंगला डॉक्टर त्र्यंबक राजहंस यांचा दातांचा छोटा दवाखाना होता. सत्तरच्या दशकात आलेला माणूस, जुन्या वळणाचा. त्यांच्या रिसेप्शनमध्ये एक मशीन असं ओरडायचं की पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच घाबरायचे, आणि नव्याची किंमत ऐकून डॉक्टर घाबरले होते. पद्मिनीने त्यांना डबा करून दिला. त्यात पेशंटची सगळी कागदपत्रं, एक्स-रे, अपॉइंटमेंट. रोज त्याची दुसरी प्रत आपोआप निघेल अशी सोय केली, रिसेप्शनच्या बाईंना शिकवलं, महिनाभर जाऊन लक्ष ठेवलं. डॉक्टरांनी चेक फाडला. ती नको म्हणाली. ते म्हणाले, "फुकट काम करून घ्यायची मला सवय नाही, पोरी. घे."

तिने घेतला. बँकेत भरायच्या आधी मला दाखवायला आणला. रक्कम काही फार नव्हती. पण तो चेक शैलेंद्रच्या नावाचा नव्हता, दोघांच्या नावाचाही नव्हता. "शोभनाताई, या देशात माझं एकटीचं नाव असलेलं हे पहिलंच काहीतरी," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी बाहेर जाऊन डोसे खाल्ले आणि बिल तिने दिलं.

२००७ च्या जुलैत अचानक ग्रीन कार्डाचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, रस्ता खुला झाला. वर्षानुवर्षं रांगेत असलेल्यांना सांगितलं गेलं, अर्ज करा, आत्ताच करा. हर्नडनमध्ये लगीनघाई उडाली. फोटो, मेडिकल, नगरपालिकेतून जन्माचे दाखले. अर्ज गेला की बायकोलाही काम करायचं परमिट मिळणार होतं. पद्मिनी पाच वर्षं याच दिवसाची वाट बघत होती. शैलेंद्रच्या कंपनीच्या वकिलाने फोनवर इतर प्रश्नांबरोबर विचारलं, बायकोने इथे कधी काम केलंय का. शैलेंद्र सहज नाही म्हणाला. घरी येईपर्यंत त्याला चेक आठवला होता.

मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडेच होते. तो बूटही न काढता उभा राहिला. "पद्मिनी, तो डेंटिस्टचा चेक. ते काम होतं. इल्लीगल काम."

"मग वकिलाला विचारू या," ती म्हणाली. "एकदाच घेतले पैसे. खरं काय ते सांगू."

"वकील कंपनीचा आहे. त्याला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं. आणि कंपनीने प्रोसेसच कॅन्सल केली तर?"

मी म्हटलं, दुसरा वकील गाठा, माझ्या ओळखीचा आहे. शैलेंद्रने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं सगळं घर पोलिसात द्यायला निघालेय. त्याला नुसता भित्रा म्हणून मोकळं व्हायची सोय नाही. नोकरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत घर विकून, पोरांना शाळेतून काढून परत गेलेले मित्र त्याने बघितले होते. रात्ररात्र तो त्या रांगेचाच विचार करायचा. "तुझ्याच वर्क परमिटसाठी म्हणतोय ना," तो तिला म्हणाला, आणि हे खोटं नव्हतं.

म्हणून त्यांनी कुणालाच विचारलं नाही. त्या वेळी विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, कदाचित काहीच बिघडलं नसतं, हे आता कुणीही सांगू शकत नाही. ठरलं ते इतकंच, की डॉक्टरांचे पैसे परत करायचे आणि सगळे डबे शैलेंद्रने बनवले असं सांगायचं. हौस म्हणून, मित्रांसाठी. पद्मिनी घरोघर जाऊन हे सांगून आली. मंडळाच्या वेबसाइटवर तिचे आभार मानणारी एक ओळ होती, तीही तिने स्वतःच्या हाताने काढली. डॉक्टर त्र्यंबक दुखावले. "माझ्या पैशाला काय झालं?" त्यांनी विचारलं. तिला खरं सांगता येईना. "तुम्ही काकांसारखे, तुमच्याकडून कसे घेऊ," असं काहीतरी पुटपुटून ती घरी आली आणि बाथरूममध्ये जाऊन बसली.

ऑगस्टमध्ये माझी दाढ ठणकायला लागली. मी डॉक्टरांच्या खुर्चीत आ करून पडले असताना रिसेप्शनमध्ये शैलेंद्र आला. कानाला मोबाइल. डबा मधेच बंद पडत होता म्हणे. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. त्याने झाकण काढलं आणि तो फोनमध्ये कुजबुजायला लागला, "हो... कुठली वायर? काळी? दोन काळ्या आहेत... हात लावला, खूप गरम आहे... पंखा? कुठाय पंखा?" शेवटी त्याने काहीतरी केलं आणि मशीन चालू झालं. डॉक्टर माझी दाढ सोडून उठले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा, शैलेंद्र. हात आहे तुझा यात."

मी अर्धं तोंड बधिर घेऊन बाहेर आले. पार्किंगमध्ये त्यांची गाडी उन्हात उभी होती. काचा बंद. आत पद्मिनी मांडीवर फोन घेऊन बसलेली, घामाने निथळत. ती आत दिसायला नको म्हणून शैलेंद्रने तिला गाडीतच बसवलं होतं, आणि बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून काचा तिने स्वतः लावल्या होत्या. मला बघून तिने काच खाली केली. "पंख्याला धूळ धरली असणार," ती म्हणाली. "मी दर तीन महिन्यांनी पुसायचे. त्याला सांगायचंच राहिलं."

मला त्या वेळी रडूच आलं, दाढेचं निमित्त होतं म्हणून बरं.

पुढे गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून शैलेंद्रचे आभार मानले. आणखी दोघे तिघे त्याच्याभोवती जमले, आम्हालाही एक करून दे म्हणून. तो कान लाल करून "वेळ नाही हो" म्हणत राहिला. पद्मिनी त्याच्यापासून दोन हातांवर मोदकांवर तूप घालत होती. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, मी आता माइक घेणार आहे. ती तुपाची वाटी खाली न ठेवता म्हणाली, "ताई, गप्प बसा. परमिट येऊ दे." मी गप्प बसले. मला ते जमत नाही, पण बसले.

परमिट हिवाळा लागता लागता आलं. तिने सगळीकडे अर्ज टाकले. नोकरीतला सहा वर्षांचा खंड बघून कुणी फोनही करेना. मार्चमध्ये माझ्या ओळखीने रेस्टनच्या एका कंपनीने बोलावलं. जागा अशी की वाचून मी खुर्चीतून उठले. त्यांच्या मशीन रूमचं विजेचं बिल हाताबाहेर गेलं होतं आणि कमी विजेवर चालणारी मशीनं उभी करायला त्यांना माणूस हवा होता. मीच तिला माझ्या गाडीतून घेऊन गेले. तिने माझा कोट घातला होता, बाह्या थोड्या मोठ्या होत होत्या.

तासाभराने ती आली आणि शेजारी बसली. मी विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"चांगला माणूस होता. सगळं बरोबर विचारलं. टांगलेली डिस्क किती तापते, पंखा किती मंद करता येतो. मी एकेक सांगत गेले. तो लिहून घेत होता, ताई. मग म्हणाला, हे तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी एक मशीन केलं होतं. तो म्हणाला, घरचं ठीक आहे, बंद पडलं तर फक्त तुमची अडचण. दुसऱ्या कुणासाठी केलंय का? ज्यांचं काम तुमच्या मशीनवर अवलंबून आहे असं कुणी?"

दोन वर्षं एक अख्खा दवाखाना तिच्या मशीनवर चालला होता. मंडळ चालत होतं. माझं घर चालत होतं.

"काय सांगितलंस?"

"ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही ना. नुसतं परमिट आहे. शैलेंद्रने सकाळी तीनदा बजावलं होतं." तिने कोटाच्या बाह्या नीट मागे दुमडल्या. "मी म्हटलं, नाही. कुणासाठी नाही. सहा वर्षं मी घरीच होते."

मी गाडीचं दार उघडलं. मला आत जाऊन त्या माणसाला सांगायचं होतं, सगळं, माझ्या घरच्या डब्यापासून. तिने माझा हात धरला, चांगला घट्ट.

"नका जाऊ," ती म्हणाली. "त्याने हात मिळवला, थँक यू म्हणाला. झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली."

"कशाची?"

"मी नाही म्हटलं ना, तेव्हा ते खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही, ताई. मला खरंच आठवेना की मी काही केलं होतं."